कवटीआडचे चित्र

इंग्लंडमधील नेवार्क या गावी २८ ऑगस्ट १९१९ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा जन्म झाला. वडिलांचा शेतीचा व्यवसाय होता. पाच भावंडांत गॉडफ्रे सर्वांत धाकटा. शेतावरील यंत्रे त्याला खेळण्यांहून प्रिय होती. एकदा तर घरी बनविलेले पंख घेऊन त्याने गवताच्या गंजीवरून उडी टाकली. हातपाय शाबूत राहिले हे नशीबच! शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान यांपलीकडे त्याचे मन फारसे रमत नसे.

महायुद्धात हाउन्सफील्ड विमानदलात रडारचे शिक्षक होते. पुढे १९५१ मध्ये ते ई. एम. आय. या कंपनीत रुजू झाले आणि १९६७ च्या सुमारास एका प्रश्नाने त्यांना घेरले.

क्ष-किरणांचे साधे छायाचित्र ही एक सावलीच असते. तीत पुढचे-मागचे सारे अवयव एकावर एक उमटतात. कवटीचे हाड ठळक दिसते. आतील मऊ मेंदू मात्र दिसेनासा होतो. डोक्यातून अनेक दिशांनी किरण पाठवून प्रत्येक वेळी किती किरण पार झाले हे मोजले, तर त्या आकड्यांवरून आतील चित्र पुन्हा रचता येणार नाही काय?

एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर त्यांनी उपकरण उभारले. किरणांचा उगम दुर्बळ होता. सुमारे २८,००० मोजमापे घेण्यास ९ दिवस लागले. मग संगणक चित्राच्या प्रत्येक चौकोनात अंदाजी आकडा मांडी, मोजमापाशी ताडून पाही, चूक दुरुस्त करी आणि पुन्हा ताडून पाही. या आकडेमोडीस अडीच तास लागले.

तरी चित्रावर वाळू पेरल्यासारखे ठिपके दिसतच. याचे कारण अंगणातही सापडते. तुरळक पावसात शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत थेंब सारखे पडत नाहीत. मुसळधार पावसात मात्र त्या जवळजवळ सारख्याच भरतात. किरणांचेही तसेच आहे. क्ष-किरणांची नळी बसविताच ९ दिवसांचे काम ९ तासांवर आले. परंतु जिवंत माणसावर किरणांचा वर्षाव करून चालत नाही; तो अपायकारक ठरतो. म्हणून थोड्या किरणांतून चांगले चित्र काढण्याची जबाबदारी गणितावरही येते. गणिताने ठिपके पुसावेत तर बारीक रेषाही पुसट होतात; रेषा ठळक कराव्यात तर ठिपकेही ठळक होतात. हा पेच फार अवघड आहे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. तिला गाठ असावी असा डॉक्टरांचा संशय होता. ८० ओळी आणि ८० रकाने एवढ्याच चौकोनांचे ते भरड चित्र! पण त्यात एक काळसर गोल डाग स्पष्ट दिसला, आणि शस्त्रक्रियेत विकार नेमका तेथेच आढळला.

लवकरच आकडेमोडीची अधिक वेगवान रीत प्रचारात आली आणि जुनी मागे पडली. एकविसाव्या शतकात संगणक बलाढ्य झाल्यावर पुन:पुन्हा ताडून पाहण्याची ती रीत सुधारलेल्या रूपात परतली. तिच्यामुळे कमी किरणांतही ठिपके आटोक्यात ठेवता येऊ लागले.

१९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले. कॉर्मॅक यांनी या प्रश्नाचे गणित स्वतंत्रपणे सोडविले होते. हाउन्सफील्ड अविवाहित राहिले आणि १२ ऑगस्ट २००४ रोजी निवर्तले. सी. टी. चित्रातील घनतेचे माप त्यांच्याच नावाने ओळखले जाते: त्या मापात पाणी ० आणि हवा उणे १०००.