बेडन पॉवेल आणि थोड्या जागा

गेल्या हिवाळ्यात सह्याद्रीत भरणाऱ्या एका साहस-शिबिराची सूचना फलकावर लागली. आमच्या वाट्याला जागा आल्या होत्या दहा, आणि जाऊ इच्छिणारे होते पन्नासाच्या वर. जो आधी पूर्ण शुल्क भरील त्याची जागा पक्की, असा नियम होता. माझ्याजवळ पैसे होते. मी त्याच दुपारी भरून मोकळा झालो. माझ्या खोलीतल्या सोबत्याच्या घरी मात्र कापसाचे पैसे यायचे होते. ते आठ दिवसांनी आले, तोवर यादी भरून गेली होती. ज्याने लहानपणी गुरांमागे डोंगर पालथे घातले, तो वसतिगृहात राहिला. आणि ज्याला तीन दगडांची चूल पेटवता येत नव्हती, तो मी शिबिराला गेलो.

तिथे एका रात्री शेकोटीभोवती लॉर्ड बेडन पॉवेल यांचे नाव निघाले. परत आल्यावर ग्रंथालयात बसून मी त्यांचे चरित्र वाचून काढले. शोधत होतो साहसाच्या गोष्टी. पण माझे मन अडकून राहिले ते दुसऱ्याच एका गोष्टीत. जागा थोड्या आणि येणारे फार, हा प्रश्न या माणसापुढे जन्मभर पुन:पुन्हा उभा राहिला होता.

रॉबर्ट बेडन पॉवेल यांचा जन्म लंडनमध्ये 22 फेब्रुवारी 1857 रोजी झाला. वडील ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचे असतानाच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. चार्टरहाउस या नामांकित शाळेत रॉबर्ट शिकले ते शिष्यवृत्तीवर. शाळेजवळच्या रानात मुलांना जाण्याची मनाई होती. पण हे तिथे गुपचूप जात, सशाची शिकार करीत आणि धूर दिसणार नाही अशा बेताने ती शिजवीत. पुढे ऑक्सफर्डचे दार काही उघडले नाही. तेव्हा 1876 मध्ये सैन्याची परीक्षा देऊन ते घोडदळात अधिकारी झाले आणि थेट हिंदुस्थानात लखनौला आले.

त्यांचे नाव जगभर झाले ते दक्षिण आफ्रिकेतल्या मेफकिंगच्या वेढ्यामुळे. 13 ऑक्टोबर 1899 ते 17 मे 1900 असे 217 दिवस त्यांनी ते लहानसे गाव बोअर सैन्यापुढे टिकवून धरले. इंग्लंडमध्ये त्यांचा जयजयकार झाला. परंतु या कीर्तीला एक काळी किनार आहे. वेढ्यात अन्न तुटपुंजे होते, शिधा वाटण्याचा अंतिम अधिकार त्यांच्या हाती होता, आणि गोऱ्यांचे माप वेगळे व काळ्यांचे वेगळे होते. उपासमारीची झळ काळ्या रहिवाशांना फार सोसावी लागली. यात त्यांचा दोष किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. चरित्रनायकाचे गुणगान करताना हे पान उलटून पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

मायदेशी परतल्यावर त्यांना दिसले की, सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे टेहळणीवरचे पुस्तक मुलेच आवडीने वाचताहेत. मुलांसाठी काही करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पण आधी प्रयोग करून पाहायचे ठरले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल नावाच्या बंदरात ब्राउन्सी हे बेट आहे. तिथे ऑगस्ट 1907 मध्ये त्यांनी आठवडाभराचे शिबिर भरवले. मुले होती वीस-बावीस.

या शिबिरातली गाठी मारण्याची, माग काढण्याची, तंबूत झोपण्याची वर्णने सर्वत्र आढळतात. मला मोलाची वाटली ती शुल्काची नोंद. सुमारे निम्मी मुले ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली होती; त्यांचे शुल्क एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग. उरलेली पूल आणि बोर्नमथ या गावांतली कष्टकरी घरांची मुले होती. त्यांचे शुल्क साडेतीन शिलिंग, म्हणजे पहिल्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण शुल्काचा हा भेद तंबूच्या दारापर्यंतच. लांडगा, डोमकावळा, बैल आणि कुरव या नावांच्या चार तुकड्या पाडल्या, त्या दोन्हींकडची मुले मिसळून. इंग्लंडमधल्या त्या काळच्या वर्गभेदाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यातले धाडस कळेल. सरदाराचा मुलगा आणि कामगाराचा मुलगा एका भांड्यातून जेवले, हे तिथे बेटावर जाऊन राहण्यापेक्षा अवघड होते.

तरीही हे वाटप निर्दोष होते, असे मी म्हणणार नाही. श्रीमंत घरची मुले आली ती बहुतेक ओळखीपाळखीतून, स्नेह्यांना पत्रे लिहून बोलावलेली. ओळख नसलेल्या मुलाला या शिबिराची बातमीसुद्धा लागली नसणार. पुढच्या वर्षी हम्शॉ येथे दुसरे शिबिर झाले, त्यात तीस जागा होत्या. या वेळी ओळखीऐवजी स्पर्धा आली. बालवीरांच्या नव्या साप्ताहिकातली मतांची कूपने ज्यांनी सर्वांत जास्त गोळा केली, ते निवडले गेले. नियम सर्वांना सारखा होता खरा. पण ज्याला अंक विकत घेता येतात आणि ज्याची दहा घरी ओळख आहे, त्याची झोळी लवकर भरणार हे उघड आहे. आमच्या फलकावरच्या नियमाचा हा थोरला भाऊच म्हणायचा.

या पेचातून खरी वाट निघाली ती त्यांच्या पुस्तकाने. जानेवारी 1908 पासून ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ पंधरा दिवसांनी एक, अशा सहा भागांत, चार पेन्सला एक या स्वस्त दराने निघाले. शिबिरात तीस मुले मावत होती. पुस्तकात हजारो मावली. गावोगावच्या मुलांनी कुणाच्या निमंत्रणाची वाट न पाहता स्वत:च्या तुकड्या उभारल्या आणि मग वडीलधारी माणसे शोधून आणली.

मुलीही मागे राहिल्या नाहीत. 4 सप्टेंबर 1909 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यात काही मुली बालवीरांचा वेष करून, न बोलावता हजर झाल्या. त्यांना मुलांच्या संघटनेत जागा मिळाली नाही. पण पुढच्याच वर्षी बेडन पॉवेल यांनी बहीण ॲग्नेस यांच्या साहाय्याने मुलींसाठी वेगळी संघटना काढली.

आपल्या देशात तर दार अधिक काळ बंद राहिले. बालवीर चळवळ इथे 1909 मध्ये आली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना तीत जागा नव्हती. तेव्हा ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे 1917 मध्ये, आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस 1918 मध्ये स्वतंत्र संस्था उभ्या केल्या. 1921 मध्ये बेडन पॉवेल हिंदुस्थानात आले. बेझंटबाईंची संस्था मूळ संघटनेत सामावली आणि हिंदी मुलांचा मार्ग खुला झाला. मालवीयांची सेवा समिती वेगळीच राहिली. सर्वांची एकजूट होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ स्थापन व्हायला 7 नोव्हेंबर 1950 हा दिवस उजाडावा लागला. तो पाहायला बेडन पॉवेल नव्हते. 8 जानेवारी 1941 रोजी केनियातील न्येरी येथे त्यांचे निधन झाले. माग काढणारे बालवीर घरी परतल्याची खूण म्हणून वर्तुळ आणि त्यात टिंब काढतात. तीच खूण त्यांच्या समाधीच्या दगडावर आहे.

या चरित्राने मला एवढे शिकवले की, जागा थोड्या असणे हा कुणाचा अपराध नव्हे. पण त्या कशा वाटायच्या, हे आपण ठरवतो. बेडन पॉवेल यांनी आधी विचार करून नियम केला, तेव्हा ब्राउन्सीचे तंबू उभे राहिले. तो विचार झाला नाही, तिथे ओळख, पैसा आणि कातडीचा रंग यांनी आपापले नियम चालवले.

म्हणून गुरुजनांपुढे आणि मित्रांपुढे नम्रपणे एक सूचना ठेवतो. नावे देण्यास पंधरा दिवसांची मुदत असावी. जागांहून नावे जास्त झाल्यास सर्वांदेखत चिठ्ठ्या टाकाव्यात. शुल्क ऐपतीप्रमाणे असावे, आणि ते नाव निघाल्यावर भरायचे असावे. ज्यांचे नाव निघाले नाही, त्यांना पुढच्या वर्षी पहिला मान मिळावा. शिवाय जे जाऊन आले, त्यांनी परतल्यावर जवळच्याच एखाद्या टेकडीवर उरलेल्यांसाठी दोन दिवसांचे शिबिर भरवावे.

शेवटच्या कामाला मी लागलो आहे. येत्या सुट्टीत आमचे पंधराजणांचे शिबिर ठरले आहे. चूल पेटवायची कशी, ते माझा सोबती शिकवणार आहे.