फुकटच्या ग्लासवर कोका-कोला मोठा करणारा एसा कँडलर

किन्हीराजातलं किराणा दुकान असो की पुण्यातला मॉल, साबण-बिस्किटांवर ऑफर असतेच. कूपन दाखवा, फुकट मिळवा. पण फुकट वाटून कंपनी बुडत कशी नाही? उत्तर एसा कँडलरच्या आयुष्यात सापडतं.

कँडलरचा जन्म ३० डिसेंबर १८५१ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. १८७३ मध्ये तो अटलांटाला आला तेव्हा खिशात दोन डॉलरही नव्हते. औषधाच्या दुकानात नोकरी करत त्याने स्वतःचा धंदा उभारला.

त्याच शहरात १८८६ मध्ये जॉन पेम्बर्टनने कोका-कोला बनवला. पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी नऊच ग्लास खपले. तरीही कँडलरने १८९१ पर्यंत २,३०० डॉलर मोजून सगळे हक्क घेतले. आता प्रश्न होता, चव माहीत नसलेल्या पेयाला लोक पाच सेंट का देतील?

फुकट ग्लासचं कूपन १८८७ मध्येच निघालं होतं. कँडलर आणि त्याचा सहकारी फ्रँक रॉबिन्सन यांनी ते देशभर नेलं. कूपन टपालाने घरी जायचं, मासिकांतही छापून यायचं.

खरी गंमत हिशेबात होती. ग्लास पाच सेंटचा, पण कंपनीचं त्यात फक्त औंसभर सिरप. एका गॅलनमध्ये १२८ ग्लास व्हायचे. फुकट ग्लाससाठीचं सिरप कंपनीच पुरवायची, म्हणून दुकानदारही खूश. चव आवडलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी पैसे देऊन प्यायचं.

१८९४ ते १९१३ या काळात सुमारे ८५ लाख ग्लास फुकट गेले, असा अंदाज आहे. म्हणजे दर नऊ अमेरिकनांमागे एक ग्लास, आणि सिरप जेमतेम ६६ हजार गॅलन. १८९५ पर्यंत कोका-कोला अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात पोहोचला होता.

पुढे कँडलर अटलांटाचा महापौर झाला. शेअर्स त्याने मुलांच्या नावे केले होते. १९१९ मध्ये कंपनी अडीच कोटी डॉलरला विकली गेली. १२ मार्च १९२९ ला कँडलर वारला.

उद्या किन्हीराजातल्या एखाद्या बचत गटाने पापडाचं कूपन काढलं, तर हिशेब हाच. फुकट पाकिटाचा खर्च विक्रीच्या किमतीवर नाही, बनवण्याच्या खर्चावर धरा. छपाई आणि दुकानदाराचा मोबदला त्यात मिळवा. कूपनवर शेवटची तारीख टाका. आणि सगळीच्या सगळी कूपनं परत आली तरी झेपतील, तेवढीच छापा.