चिमणीने दाखवलेली वाट

दिवाळी सरते. यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. पहाटे अंगणात गारवा जाणवू लागतो. याच दिवसांत आपल्या बागेत, परसात आणि शेतात काही नवे पाहुणे येतात. ओल्या मातीवर लांब शेपटी वरखाली हलवत एक चिमुकला पक्षी तुरुतुरु धावताना दिसतो. मराठीत त्याला धोबी किंवा परीट म्हणतात. उर्दूत तोच ममोला. कुंपणावर बसून तांबूस शेपटी थरथरवणारा पक्षी म्हणजे थिरथिरा. ज्वारीच्या शेतावर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे उतरतात. पुढे पळस फुलला, की फुलांतला मध पिण्यासाठी त्या पळसावर गर्दी करतात. बेंबळा, पूस, अरुणावती या धरणांच्या पाण्यावर रानबदके पोहू लागतात. उन्हाळा तापू लागला, की हे पाहुणे निघून जातात.

हे पक्षी कोठून येतात? कोठे जातात? आपल्या अंगणात यंदा आलेला धोबी पुढच्या वर्षी पुन्हा येतो, की दुसराच कोणी येतो? असे प्रश्न विचारत आणि त्यांची उत्तरे शोधत ज्यांनी सारे आयुष्य घालवले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव मोइझुद्दीन आणि आईचे नाव झीनतउन्निसा. सलीम हे त्यांचे नववे आणि सर्वांत धाकटे मूल. ते वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या घरी आणले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. मुंबईतील खेतवाडीच्या त्या घरात ही मुले मायेने वाढली.

मामांना शिकारीची आवड होती. त्या काळी अनेक घरांत शिकार हा मर्दानी खेळ समजला जाई. छोट्या सलीमलाही एक छऱ्यांची बंदूक मिळाली होती. तो चिमण्या टिपू लागला. त्या चिमण्या हलाल करून घरी शिजवल्या जात.

एके दिवशी त्याने टिपलेली एक चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर हळद लावल्यासारखा पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता? तो खाणे योग्य होईल का? सलीमला शंका आली. तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. तेव्हा त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली. प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करणारी ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली होती.

सलीम दबकत दबकत त्या कार्यालयात शिरला. समोर एक इंग्रज साहेब! पण साहेबांनी त्याचे आपुलकीने स्वागत केले. त्यांनी चिमणी पाहताच ओळखली. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटाचे खण एकामागून एक उघडून दाखवले. त्यांत पेंढा भरून जपून ठेवलेले शेकडो पक्षी होते. इतक्या प्रकारचे पक्षी आपल्या देशात आहेत, हे पाहून सलीमचे डोळे विस्फारले. मिलार्ड यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. मेलेल्या पक्ष्याची कातडी कशी टिकवायची, त्याची नोंद कशी ठेवायची, हेही शिकवण्याची सोय केली. एका शंकेने सलीमच्या आयुष्याची वाट बदलली. ती रानचिमणी विदर्भातल्या पानझडी जंगलातही राहते. यवतमाळच्या सागवनात हिंडताना तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग आपल्यालाही दिसू शकतो.

शाळेत मात्र सलीम फारसा हुशार विद्यार्थी नव्हता. तेराव्या वर्षी त्याला डोकेदुखीचा त्रास जडला. हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवले गेले. अभ्यासात खंड पडत गेला. १९१३ मध्ये तो मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाला. कॉलेजचे पहिले वर्षही त्याला जड गेले. शेवटी घरचा खाणीचा व्यवसाय सांभाळण्यासाठी तो ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेला. तेथील दाट जंगलात व्यवसायापेक्षा पक्ष्यांकडेच त्याचे लक्ष अधिक लागले.

१९१७ मध्ये ते मुंबईला परतले. पुढील वर्षी तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला, पण विद्यापीठाची पदवी मिळवली नाही. त्यामुळे भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण या सरकारी संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. पक्ष्यांचे ज्ञान होते, पण पदवीचा कागद नव्हता. पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना नोकरी लागली. आज हे संग्रहालय छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते. प्रेक्षकांना प्राण्यांची आणि पक्ष्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम होते.

दोन वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली ते शिकले. पक्षी पकडून त्यांच्या पायात कडे कसे घालावे, ही विद्याही त्यांनी जर्मनीतच आत्मसात केली. १९३० मध्ये मोठ्या उमेदीने ते भारतात परतले. पण पैशांअभावी संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली होती. हाती विद्या होती आणि नोकरी गेली होती.

दुसरा कोणी असता, तर निराश झाला असता. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम या गावी राहायला गेले. तेथे जवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी घरटी बांधली होती. सलीम अली आडोशाला बसून तासन्तास ती घरटी न्याहाळू लागले. रोज काय दिसले, ते वहीत टिपू लागले. त्यांच्या लक्षात आले, की घरटे नर विणतो. ते अर्धे झाले, की मादी येऊन पाहणी करते. तिला पसंत पडले, तर नर ते पूर्ण करतो आणि मग दुसरे घरटे विणायला घेतो. सुगरणीचे घरटे लोक शतकानुशतके पाहत आले होते. पण इतक्या धीराने पाहून त्याची नोंद कोणी केली नव्हती. या अभ्यासामुळे सलीम अली यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञांमध्ये झाले. बेकारीच्या दिवसांनीच त्यांना कीर्ती मिळवून दिली.

त्यानंतर त्यांनी एक धाडसी विचार केला. देशातील अनेक संस्थानांत कोणते पक्षी आहेत, याची नीट नोंद झालेली नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळाला, तर हे काम पगार न घेता करण्याची तयारी त्यांनी दाखवली. पहिली मोठी मोहीम हैदराबाद संस्थानात झाली. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा नदी वाहते. त्या काळी नदीच्या अलीकडे वऱ्हाड होता आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. सलीम अली बैलगाडीने, मोटारीने, पायी हिंडले. तेहमिना त्यांच्याबरोबर तंबूत राहत आणि मुक्कामाची सारी व्यवस्था पाहत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. हा घाव फार मोठा होता. बहिणीच्या कुटुंबाने त्यांना आधार दिला आणि त्यांनी पुन्हा कामात स्वतःला गुंतवून घेतले.

१९४१ मध्ये त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे आणि सोपी माहिती यांमुळे सामान्य माणसालाही आपल्या बागेतला पक्षी ओळखता येऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपानच्या हाती पडले. तेव्हा तेथून लोक वान थो नावाचे एक धनिक भारतात आले. त्यांना पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद होता. सलीम अली यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री झाली. दोघे मिळून रानोमाळ भटकू लागले. त्या काळचे कॅमेरे जड असत. आडोशामागे तासन्तास न हलता बसावे, तेव्हा कोठे एखादे चांगले चित्र मिळे. सलीम अली यांनी अभ्यासासाठी अनेक पक्षी मारले होते. त्या काळी शास्त्रज्ञांची हीच रीत होती. परंतु कॅमेरा, दुर्बीण आणि पायातले कडे यांच्या साहाय्याने पक्ष्याला जिवंत ठेवूनही त्याची पुष्कळ माहिती मिळते, हे हळूहळू सर्वांना पटू लागले.

हे पायातले कडे म्हणजे काय? ते हलक्या धातूचे असते. त्यावर क्रमांक आणि संस्थेचा पत्ता कोरलेला असतो. पक्षी जाळ्यात अलगद पकडायचा, कडे घालायचे, वहीत नोंद करायची आणि त्याला सोडून द्यायचे. पुढे तो पक्षी दुसरीकडे कोणाला सापडला, तर ती व्यक्ती संस्थेला कळवते. १९५९ नंतर सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने भरतपूर आणि इतर ठिकाणी हजारो पक्ष्यांना अशी कडी घातली. भरतपूरच्या तळ्यावर कडी घातलेली काही बदके पुढे सायबेरियात आणि मध्य आशियात सापडली. बदकांच्या प्रवासाचा पुरावा हाती आला.

करड्या पाठीच्या आणि पिवळ्या पोटाच्या एका धोब्याची गोष्ट तर फारच मजेची आहे. मुंबईच्या एका उपनगरात एका घरापुढे लहानशी हिरवळ होती. तेथे एका धोब्याला कडे घातले. उन्हाळ्यात तो निघून गेला. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा त्याच हिरवळीवर हजर झाला! असा तो सलग काही वर्षे येत राहिला. त्याच्या जातीचे पक्षी घरटी बांधतात ती जागा जवळात जवळ म्हणजे हिमालयात आहे. एवढासा जीव डोंगर, नद्या, शहरे ओलांडून नेमक्या त्याच अंगणात उतरतो. म्हणजे ते अंगण त्याचेही घर असते. तेथली झाडे तोडली, पाणी आटवले, तर हजार मैलांवरून आलेल्या पाहुण्याने कोठे जावे?

म्हणूनच सलीम अली केवळ अभ्यास करून थांबले नाहीत. भरतपूरचे तळे कोरडे करून तेथे शेती करावी, अशी मागणी स्वातंत्र्यानंतर होऊ लागली. तेव्हा त्यांनी पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत आपले म्हणणे पोचवले. ते तळे वाचले. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडू नये, म्हणूनही त्यांनी आवाज उठवला. १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. १९६८ ते १९७४ या काळात तो प्रसिद्ध झाला. ज्यांना पदवी नव्हती म्हणून नोकरी नाकारली गेली, त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठासह अनेक विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी सोसायटीला दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही एक चिमणीच आहे. १९८७ मध्ये वयाच्या ९०व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा. नेमक्या याच दिवसांत हिवाळी पाहुणे आपल्या अंगणात येऊ लागलेले असतात. त्यांना पाहायला दूर जावे लागत नाही. डोळे उघडे हवेत, पाय स्थिर हवेत आणि हातात एक वही हवी. मुंबईच्या एका पोरक्या मुलाने याहून फारसे भांडवल न घेता सुरुवात केली होती.

शब्दार्थ

परस – घरामागची मोकळी जागा
पोरका – आईवडील नसलेला
पानझडी – ठरावीक काळात पाने गळणारे
न्याहाळणे – बारकाईने पाहणे
आडोसा – लपून बसण्याची जागा
मानद – सन्मान म्हणून दिलेली

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सलीम अली यांना कोणी वाढवले?
(आ) सलीमने टिपलेल्या चिमणीत वेगळे काय होते?
(इ) सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास कोणत्या गावी केला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पक्ष्याच्या पायात कडे का घालतात?
(आ) धोब्याच्या गोष्टीवरून आपल्याला काय कळते?

३. वाक्यात उपयोग करा : डोळे विस्फारणे, आवाज उठवणे, आत्मसात करणे.

४. उपक्रम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शाळेच्या किंवा घराच्या बागेत येणाऱ्या पक्ष्यांची वही तयार करा. पक्षी प्रथम दिसल्याची तारीख, वेळ, रंग, शेपटीची हालचाल आणि खाणे लिहा. जमल्यास दुरून छायाचित्र काढा. छायाचित्रासाठी पक्ष्याला उडवू नका आणि घरट्याजवळ जाऊ नका. पक्ष्याचे मराठी व उर्दू नाव शोधून लिहा.