नावे जपणारा आझाद

खुलताबादला जाणारा प्रवासी औरंगजेबाची कबर पाहून परततो. त्याच भूमीत चिरविश्रांती घेणाऱ्या गुलाम अली आझाद बिलग्रामी यांचे स्मरण मात्र क्वचितच कोणाला होते. १७०४ मध्ये उत्तरेतील बिलग्राम येथे जन्मलेले आझाद हजयात्रेनंतर औरंगाबादेत आले, पाणचक्कीच्या परिसरातील बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात राहिले आणि इथलेच झाले. नासिरजंगाचा स्नेह लाभूनही त्यांनी दरबारी पद स्वीकारले नाही.

खुलताबादच्या संतांची चरित्रे त्यांनी ‘रौजतुल औलिया’त नोंदविली. ‘सर्वे आझाद’मध्ये फार्सी कवींच्या पंक्तीला हिंदी कवींनाही मानाने बसविले. ‘सुभतुल मरजान’ लिहून भारतीय विद्वानांची व काव्यविचाराची ओळख अरबीत करून दिली. १७५८ मध्ये शाहनवाजखान मारले गेले, त्यांचे घर लुटले गेले आणि ‘मआसिरुल उमरा’चे हस्तलिखित विखुरले, ते आझादांनीच शोधून एकत्र केले.

बादशहांची नोंद तवारिखा ठेवतातच. कवींची नोंद कोणीतरी कष्टाने ठेवावी लागते. ज्याने ती ठेवली, त्याचेच नाव १७८६ मधील निधनानंतर त्याच्या शहराने विसरावे, हा हिशेब न्यायाचा नव्हे. त्यांचे ग्रंथ मराठी विद्यार्थ्यांपर्यंत पोचविणे, हीच या ऋणाची खरी फेड ठरेल.