भाभांचा पॉझिट्रॉन आणि मधुमेहींचे हृदय

जळगाव-धुळ्याकडचा एखादा मधुमेही रुग्ण हृदयाच्या तपासणीसाठी मुंबईला निघतो, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर कधी कधी ‘कार्डिअ‍ॅक पेट स्कॅन’ असे लिहिलेले असते. हृदयाचा स्नायू किती साखर वापरतो, हे ही तपासणी चिरफाड न करता दाखवते. ती ज्या कणावर चालते, त्याचे नाव पॉझिट्रॉन. या कणाचे गणित मांडणाऱ्या पहिल्या पिढीत एक मुंबईकर तरुण होता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या सधन पारशी कुटुंबात झाला. चित्रकला आणि संगीताची ओढ लहानपणापासूनची. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. मुलाने परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. त्याने वडिलांना तसे कळवले. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शिक, अशी अट वडिलांनी घातली. १९३० मध्ये भाभांनी ती पूर्ण केली.

१९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच, विद्युतभार मात्र उलटा. हा कण इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांची ऊर्जा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. १९३४ मध्ये एका सहकाऱ्यासोबत भाभांनी वेगवान पॉझिट्रॉन अणूतल्या इलेक्ट्रॉनमुळे कसा नष्ट होतो, याचे गणित मांडले. पुढे या दोन कणांच्या टकरीवरही त्यांनी काम केले. तिला आजही जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. या कणाचा रुग्णाला काही उपयोग होईल, असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध पेटल्यामुळे इथेच राहिले. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काही वर्षे काढून त्यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. त्यानंतर तुर्भ्याचे अणुऊर्जा केंद्र आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. ती रुग्णांच्या कामी यावीत म्हणून १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तीन वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्यांचे वय अवघे ५६ होते. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. परळच्या त्याच सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि पॉझिट्रॉन रुग्णसेवेत आला.

या तपासणीत साखरेसारख्या एका द्रव्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून ते शिरेतून देतात. जिवंत पेशी ते साखर समजून आत घेतात. फ्लोरिनमधून सुटलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोन किरण विरुद्ध दिशांना निघतात आणि यंत्र त्यांच्यावरून जागा शोधते. हृदयाच्या एखाद्या भागात रक्त कमी पोचते, पण साखर मात्र घेतली जाते, तर तो स्नायू जिवंत आहे. दोन्ही कमी असतील, तर तिथे बहुधा व्रण उरला आहे. बायपास किंवा अँजिओप्लास्टीचा उपयोग होईल का, हे ठरवताना डॉक्टरांना हा फरक मोलाचा ठरतो.

मधुमेहात इथेच अडचण येते. निरोगी हृदयही बरीचशी ऊर्जा चरबीतून मिळवते. इन्सुलिनचा परिणाम कमी झाला की ते चरबीवर आणखी विसंबते आणि साखर कमी घेते. त्यामुळे जिवंत स्नायूही चित्रात फिका दिसू शकतो. म्हणून तपासणीआधी रक्तातली साखर मोजून, गरजेप्रमाणे ग्लुकोज आणि इन्सुलिन देऊन हृदयाला तयार करतात. उपाशी राहणे, गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे हे रुग्णाने स्वतःच्या मनाने ठरवू नये. केंद्राने दिलेल्या सूचना तंतोतंत पाळाव्यात.

हे औषध साठवूनही ठेवता येत नाही. साधारण ११० मिनिटांत त्याची शक्ती निम्मी होते. मुंबईहून रस्त्याने आठ तासांनी ते जळगावला पोचले, तर जेमतेम विसावा हिस्सा उरेल. म्हणूनच अशी तपासणी सायक्लोट्रॉनपासून फार लांब करणे अवघड जाते.

अर्थात प्रत्येक मधुमेहीला हे स्कॅन लागत नाही. पण मधुमेहात नसा बधिर होतात आणि हृदयविकाराची कळ जाणवेलच असे नाही. अचानक धाप लागली, दरदरून घाम फुटला किंवा कारण नसताना थकवा आला, तर घरी वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी ईसीजी काढून घ्या.