एका हाताचा मेजर

भूगोलाच्या पुस्तकात कोलोरॅडो नदीची घळई आपण सर्वांनीच वाचलेली असते. लांबी ४४६ किलोमीटर, खोली सुमारे दीड किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर. हे आकडे आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील या घळईला, म्हणजेच ग्रँड कॅन्यनला, १९१९ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आज ती पाहायला निघालेल्या प्रवाशाला फारसे अवघड असे काही नाही. दक्षिणेचा कडा बारमाही खुला असतो, उत्तरेचा हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. ऋतू पाहावा, मुक्कामाची जागा ठरवावी, खाली उतरायचे असेल तर भरपूर पाणी घ्यावे, की झाली तयारी! परंतु ज्याच्या हातात या घळईचा नकाशाच नव्हता, त्याने तयारी कशी केली असेल? त्या माणसाचे नाव जॉन वेस्ली पॉवेल.

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस या गावी झाला. वडील इंग्लंडहून आलेले मेथॉडिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. ओहायोतील जॅक्सन गावात वडिलांच्या या मतांची शिक्षा पोराला भोगावी लागली. शाळेतील मुले त्याला दगड मारीत. शेवटी त्याला शाळेतून काढून जॉर्ज क्रुकहॅम नावाच्या एका शेजारी गृहस्थाच्या हाती सोपवण्यात आले. क्रुकहॅम स्वतःच्या बळावर शिकलेला निसर्गाभ्यासक होता. रानात हिंडत, दगड आणि वनस्पती गोळा करीत पॉवेलचे खरे शिक्षण तेथे सुरू झाले.

पुढे कुटुंब विस्कॉन्सिनला गेले. वडील धर्मप्रचारासाठी फिरतीवर असत, त्यामुळे बाराव्या वर्षीच शेतीचा भार या मुलावर पडला. त्यातून वेळ काढून तो वाचत राहिला. मोठेपणी त्याने खेड्यांतील शाळांत शिकवले, साठलेल्या पैशांवर एकामागून एक तीन कॉलेजांत शिक्षण घेतले. पदवी मात्र एकाही ठिकाणी पुरी झाली नाही. सुट्टीत तो होडी घेऊन नद्यांवर जाई. १८५६ साली तो मिसिसिपी नदीतून वल्हवीत थेट समुद्रापर्यंत गेला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि गुलामगिरीविरोधी बापाचा हा मुलगा साहजिकच उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत तोफ डागण्याची खूण करण्यासाठी त्याने उजवा हात वर केला आणि त्याच हातात गोळी घुसली. हात कोपराखालून कापावा लागला. दुसरा एखादा घरी परतला असता! पॉवेल बरा होऊन पुन्हा रणांगणावर गेला. युद्ध संपल्यावर मेजर पॉवेल इलिनॉयमध्ये भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. पदवी नसलेला हा प्राध्यापक विद्यार्थ्यांना वर्गात कमी आणि डोंगरात अधिक शिकवी.

अशाच सहलींत त्याला कोलोरॅडोने ओढून घेतले. घळईच्या परिसरात हवासुपाई, पायूट आदी जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. पण अमेरिकनांच्या नकाशावर तेथे मोठी कोरी जागा होती. पॉवेलने शिकागोत ओकच्या तीन भक्कम होड्या आणि पाइनची एक हलकी होडी बांधवून घेतली. हलक्या होडीला त्याने पत्नी एमा डीनचे नाव दिले. दहा महिन्यांचे धान्य, वायुभारमापक आणि इतर उपकरणे घेतली आणि २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्टेशनवरून दहा माणसे निघाली.

पंधरा दिवसांतच सारा हिशेब चुकला. एक होडी खडकावर आपटून फुटली आणि तिच्यातले अन्न वाहून गेले. जुलैत एक सोबती परत फिरला. जेथे पाण्याचा उतार भयंकर असे, तेथे दोर बांधून होड्या काठाकाठाने सोडाव्या लागत, सामान पाठीवर वाहावे लागे. अशाही स्थितीत पॉवेल एका हाताने कडे चढे आणि उंची मोजी. एकदा तो कड्यावर असा अडकला की पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना. तेव्हा ब्रॅडली नावाच्या सोबत्याने अंगातील विजार काढून वरून खाली सोडली आणि तिला धरून मेजर वर आला!

ऑगस्टमध्ये ते मुख्य घळईत शिरले तेव्हा बुरसलेले पीठ, थोडी सुकवलेली सफरचंदे आणि कॉफी एवढेच उरले होते. २७ तारखेला पुढे एक अक्राळविक्राळ उतार दिसला. ओरामेल हाउलंड, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन यांनी पुढे न येण्याचे ठरवले. त्या रात्री पॉवेल झोपला नाही. वाळूवर येरझारा घालीत तो विचार करीत राहिला. सकाळी त्याने कोणालाही दोष न देता तिघांचा निरोप घेतला. त्यांचा विचार बदललाच तर असावी म्हणून ‘एमा डीन’ काठाला ठेवली. उरलेल्या सहा जणांच्या दोन्ही होड्या उतार पार करून सुखरूप गेल्या. त्यांनी बंदुकीचे बार काढून खूण केली, वाट पाहिली. तिघे आले नाहीत. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, सहा जण व्हर्जिन नदीच्या मुखाशी पोचले. वर चढून गेलेले तिघे मात्र मारले गेले.

पुढच्या वर्षी पॉवेल त्या भागातील शिव्हिट्स पायूट लोकांना जाऊन भेटला. त्यांनी तिघांना दुसरेच कोणी गुन्हेगार समजून मारले, असे त्याला सांगण्यात आले. या मृत्यूंबाबत इतिहासकारांत आजही एकमत नाही. पॉवेलने सूड मागितला नाही. उलट या जमातींच्या भाषा आणि चालीरीती टिपण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला. १८७९ पासून मृत्यूपर्यंत तो अमेरिकेच्या मानववंशशास्त्र खात्याचा प्रमुख होता.

त्याच्यात दोष नव्हते असे नाही. १८७१-७२ साली त्याने दुसरी मोहीम काढली. पण १८७५ च्या आपल्या वृत्तान्तात दोन्ही मोहिमांचे अनुभव एकत्र करून दुसऱ्या मोहिमेतील सोबत्यांची नावेही दिली नाहीत. सोबत्यांवर हा अन्यायच झाला.

माझ्या मते पॉवेलचे खरे धाडस नदीत नव्हे, नंतर दिसले. १८७८ साली त्याने सरकारला अहवाल दिला की, पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात १६० एकरांची कोरडवाहू शेते टिकणार नाहीत. पाणी पाहून जमीन वाटावी, नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे कारभाराचे विभाग पाडावेत. जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो, असे तेव्हा तेथील पुष्कळ लोक मानीत! १८९३ साली लॉस एंजेलिसच्या जलसिंचन परिषदेत, एवढ्या जमिनीला पुरेल इतके पाणीच नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. सभेने त्याची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी त्याने भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे संचालकपद सोडले. २३ सप्टेंबर १९०२ रोजी मेन राज्यात त्याचे निधन झाले. त्याआधी वर्षभर, १९०१ मध्ये, घळईच्या दक्षिण कड्यापर्यंत आगगाडी पोचली होती.

१९२२ साली सात राज्यांनी कोलोरॅडोचे पाणी वाटून घेतले, तेही नदीत असते त्याहून अधिक धरून. घळईच्या वरच्या अंगाला धरण बांधून झालेल्या जलाशयाला पॉवेलचेच नाव दिले गेले; २०२३ च्या आरंभी तो भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीवर आला होता. दक्षिण कड्यावर त्याचे स्मारक आहे. त्या वर्षी चाळीस लाखांहून अधिक लोक हे उद्यान पाहून गेले. त्यांतील कितीतरी जण स्मारकाशी उभे राहून खाली नदी पाहत असतील. घळईचे सौंदर्य पाहायला डोळे पुरतात. पण नदीत पाणी किती आहे हे मोजून सांगायला, आणि ऐकणारे हुर्यो उडवत असतानाही तेच सांगायला, पॉवेलसारखा माणूस लागतो. तसे करायला त्याला ना पदवी लागली, ना उजवा हात.