पंडिता रमाबाई : शारदा सदनाच्या पुढचा धडा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, रमाबाई शिकवताना आपण शारदा सदनापाशीच थांबतो ना? पुढचंही सांगा मुलांना.

दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या आणि आपलीच माणसं दुरावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या वऱ्हाडाला लागूनच्या मुलखात फिरल्या अन् उपाशी मुली सोबत घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन असंच वाढलं.

उतारवयात कानांनी ऐकू येईना. तरी हिब्रू, ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर चालूच. छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली! १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. मिशनचा भार तिच्यावर सोपवायचा होता हो. बाई खचल्या असतील, पण मुद्रितं तपासणं सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं.